तारा काढल्यावर दिसलेले पांढरे डाग

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिच्या दातांना बावीस महिने तारा होत्या आणि तीन आठवड्यांपूर्वी त्या काढल्या. दात छान सरळ झाले, पण वरच्या चार-पाच दातांवर, जिथे ते चौकोनी तुकडे चिकटवलेले होते त्यांच्या कडेने, खडूसारखे पांढरे डाग दिसू लागले आहेत. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो आणि बरीच वर्षे बोअरचे पाणी पितो, त्यामुळे शेजारच्या काकू म्हणतात की हे पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग आहेत, फ्लोराइडची पेस्ट आधी बंद करा. नणंद म्हणते, ब्लीचिंग करून घ्या, आठवड्यात दात एकसारखे पांढरे होतील. कुणी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळायला सांगतात. मुलगी हसताना तोंडावर हात धरते. ‘ब्रश नीट केला नाहीस’ म्हणून मी तिला फार बोलले, त्याचे आता मलाच वाईट वाटते. पुढच्या महिन्यात धाकट्या मुलाला, वय बारा, तारा लावायच्या आहेत. लावाव्यात की नको? — एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगते आणि मग त्यामागची कारणे मांडते. फ्लोराइडची पेस्ट बंद करू नका. ब्लीचिंग आत्ता करू नका. लिंबू आणि सोडा तर कधीच नको. येते सहा महिने मुलीच्या दातांवर कायमचा बदल घडवणारा कोणताही उपचार करून घेऊ नका, मात्र या सहा महिन्यांत रोजची काळजी एक दिवसही चुकवू नका. धाकट्याला तारा जरूर लावा, पण त्याच्या हिरड्या आणि दात स्वच्छ राहतात याची खात्री पटल्यावरच.

आता पाण्याचा मुद्दा. काकूंची शंका अजिबात निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. परंतु फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणारे, डाग दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच, दंतवल्क म्हणजे दाताचे कठीण बाहेरचे आवरण घडत असताना, तयार होतात. पुढच्या कायमच्या पटाशीच्या दातांचे दंतवल्क मूल साधारण चार-पाच वर्षांचे होईपर्यंत घडून झालेले असते. म्हणून सातव्या-आठव्या वर्षी ते दात उगवतात तेव्हाच डाग घेऊन येतात आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखेच, आडव्या धूसर रेषांसारखे किंवा ढगांसारखे पसरलेले असतात. त्यांची कडा नेमकी कुठे संपते हे सांगता येत नाही. तुमच्या मुलीचे डाग, तुम्ही वर्णन केल्याप्रमाणे, चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेला धरून आणि बहुधा हिरडीच्या बाजूला आहेत. त्यांच्या मधोमध तुकड्याच्या आकाराचा निरोगी भाग शिल्लक असेल. हे चित्र ज्या गोष्टीचे आहे तिला आम्ही दंतक्षयाची पहिली पायरी म्हणतो.

खात्री करून घेण्याचा एक सोपा मार्ग तुमच्या घरातच आहे. तारा लावण्यापूर्वीचा मुलीचा एखादा हसरा, स्पष्ट फोटो शोधा. दातांच्या डॉक्टरांकडेही उपचार सुरू करतानाचे फोटो असतात, ते मागून घ्या. त्या फोटोत डाग नसतील तर पाण्याचा या डागांशी संबंध नाही. काही डाग आधीपासूनचे आणि काही नवे असेही असू शकते, कारण तुमच्या भागात दोन्ही एकाच तोंडात आढळणे अशक्य नाही. अशा वेळी कोणता डाग कोणत्या प्रकारचा आहे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण पुढचे उपचार त्यावर अवलंबून असतात. बोअरचे पाणी मात्र या निमित्ताने तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत आपल्याच विदर्भात, नागपूरच्या नीरी संस्थेत विकसित झाली आहे, आणि आरओ यंत्रानेही ते बऱ्याच प्रमाणात निघते. घरात किंवा नात्यात लहान बाळ असेल तर त्याच्या भावी दातांसाठी आणि हाडांसाठी ही तपासणी महत्त्वाची आहे. मुलीच्या सध्याच्या डागांवर मात्र तिने काही फरक पडणार नाही.

मग हे डाग आले कुठून? दातावर साचणाऱ्या मऊ थरातील जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या थराखालचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हा आकडा घसरतो आणि लाळेमुळे तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. एरवी जीभ, ओठ आणि लाळ दातांचा पुढचा भाग सतत धूत असतात, पण तारांमुळे तिथे आडोसे तयार होतात आणि थर टिकून राहतो. असा थर सतत राहिला तर डोळ्यांना दिसणारा पांढरा डाग उमटायला चार आठवडेही पुरतात. वरच्या पटाशीच्या दातांपैकी कडेच्या दोन दातांवर तो विशेष दिसतो.

दंतवल्क वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच असते आणि आम्ल त्यातले खनिज पृष्ठभागाच्या किंचित खालून काढून नेते. वरचा पातळ पापुद्रा बऱ्याच अंशी शाबूत राहतो आणि त्याच्याखाली सूक्ष्म छिद्रांचा पोकळ भाग तयार होतो. त्या छिद्रांत पाणी आणि हवा शिरते, प्रकाश सरळ आत न जाता विखुरतो आणि आपल्याला पांढरा ठिपका दिसतो. म्हणूनच दात ओला असताना डाग फिका वाटतो आणि कोरडा होताच ठळक होतो, हे तुमच्या मुलीने आरशात पाहिलेच असेल. थोडक्यात, हा डाग दातावर बसलेला नाही, दाताच्या आत खनिज कमी झाल्याची ती खूण आहे. एवढे लक्षात आले की तो घासून का जात नाही आणि लिंबू का घातक आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. लिंबातील आम्ल उरलेले खनिजही विरघळवते, आणि सोडा, मीठ, कोळशाची पूड, राखुंडी किंवा मशेरी यांनी खसाखसा घासल्यास वरचा तो शाबूत पापुद्रा झिजतो. मशेरीत तर तंबाखू असते, तिचे नुकसान दातांपुरते थांबत नाही.

यात दिलासा देणारी बाजूही आहे. पापुद्रा शाबूत आहे तोपर्यंत खड्डा पडलेला नाही आणि गेलेले खनिज काही प्रमाणात परत येऊ शकते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतेच. तारा निघाल्या, थर साचायची जागा संपली, की लाळ हे काम आपोआप सुरू करते आणि पेस्टमधील थोडेसे फ्लोराइड तिला मदत करते. डाग फिके होण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. सर्व डाग पूर्ण जातीलच असे वचन मी देणार नाही. बरेच फिके होतात, काही राहतात. पण कोणते राहणार हे तीन आठवड्यांत कुणालाच कळू शकत नाही, आणि म्हणून मी सहा महिने मागते आहे.

इथे एक बारकावा सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या तारा काढल्या त्याच दिवशी मी त्याच्या पुढच्या डागांवर तीव्र फ्लोराइडचे वॉर्निश, म्हणजे दातांवर चिकटून राहणारा लेप, लावले. दात वाचवण्याची माझी तळमळ खरी होती, पण तीव्र फ्लोराइडने वरचा पापुद्रा झटकन घट्ट झाला, आतल्या छिद्रांपर्यंत खनिज पोहोचण्याची वाट अरुंद झाली आणि डाग पांढरेच राहून गेले. कीड वाढली नाही हे खरे, तरी त्या मुलाला हवे होते ते मी त्याला देऊ शकले नाही. या वॉर्निशमध्ये सुमारे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते, तर आपल्या नेहमीच्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम. पुढच्या, दिसणाऱ्या दातांवरील ताज्या डागांसाठी हे कमी प्रमाण रोज मिळत राहणे अधिक हिताचे असते. अपवाद एवढाच की डाग खरखरीत असेल, त्याची चकाकी गेलेली असेल, लगतची हिरडी सुजून रक्त येत असेल, तर कीड अजून सक्रिय आहे असे समजावे. तिथे दात वाचवणे दिसण्यापेक्षा महत्त्वाचे, आणि डॉक्टरांनी तीव्र फ्लोराइड सुचवल्यास ते घ्यावे.

मुलीने आता काय करायचे ते सांगते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरून दात घासावेत. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये. आपल्याला लहानपणापासून चार-चार चुळा भरायची सवय असते आणि त्या चुळांबरोबर पेस्टमधील फ्लोराइड वाहून जाते. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचे संरक्षण तेव्हा सर्वांत दुबळे असते. तारा काढल्यावर तिला रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, दिला असेल. पारदर्शक रिटेनर घालून चहा, सरबत किंवा शीतपेय प्यायल्यास ते गोड पाणी दात आणि प्लास्टिक यांच्यात कोंडून राहते, लाळ तिथे पोहोचत नाही आणि जे डाग भरून यायचे तेच वाढतात. रिटेनर काढून खावे-प्यावे, चूळ भरून मगच तो पुन्हा घालावा आणि तो रोज साध्या पाण्याने ब्रश करून धुवावा.

दुधातील केसीनपासून बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त क्रीमही मिळते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठातील संशोधनातून ती आली आहे. तिच्याविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. मी ती वापरू नका म्हणत नाही, पण चांगल्या पेस्टने आणि नीट ब्रशने जे साधते त्याच्या वर ती फार भर घालते असा माझा अनुभव नाही. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी ती अजिबात वापरू नये.

सहा महिन्यांनंतर डाग खुपतच असतील तर पुढचे पर्याय आहेत, आणि त्यांचा क्रम दाताला कमीत कमी इजा होईल असा ठेवावा. नणंदबाई म्हणतात ते ब्लीचिंग डाग घालवत नाही, ते भोवतालचा दात अधिक पांढरा करून फरक कमी करते. फिक्या डागांना ते पुरतेही, परंतु सुरुवातीला डाग अधिकच उठून दिसतात, दात शिवशिवतात, आणि माझ्या मते अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, तेही दातांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते करावे. ब्युटी पार्लरमध्ये मुळीच नको. दुसरा पर्याय मायक्रोअब्रेजन. यात सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक घर्षक पूड यांनी दंतवल्काचा अगदी पातळ थर घासून काढतात. १९८६ पासून ही पद्धत प्रचलित आहे आणि उथळ डागांवर, विशेषतः फ्लोरोसिसच्या डागांवर, ती चांगली चालते. पण आधीच खनिज गमावलेल्या दाताचा आणखी थर काढण्याआधी मी दोनदा विचार करते.

तुमच्या मुलीसारख्या डागांसाठी मला सर्वांत योग्य वाटणारा पर्याय म्हणजे रेझिन इन्फिल्ट्रेशन, म्हणजे रेझिन हा घट्ट होणारा प्लास्टिकसारखा द्रव डागाच्या छिद्रांत मुरवणे. जर्मनीत विकसित झालेली ही पद्धत २००९ मध्ये बाजारात आली आणि आता आपल्या मोठ्या शहरांतील दंतवैद्यांकडे व अनेक दंत महाविद्यालयांत उपलब्ध आहे. वर्तमानपत्रावर गरम भजी ठेवली की तेल लागलेला कागद आरपार दिसू लागतो, हे आपण रोज पाहतो. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते आणि प्रकाश विखुरणे थांबते. या उपचारातही हेच घडते. दात रबराच्या पडद्याने लाळेपासून वेगळे करतात, १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे दोन मिनिटे लावून वरच्या पापुद्र्याची छिद्रे उघडतात, अल्कोहोलने आतला ओलावा काढतात आणि मग अतिशय पातळ रेझिन त्या छिद्रांत मुरू देऊन विशिष्ट प्रकाशाने घट्ट करतात. दंतवल्काचा प्रकाश वाकवण्याचा गुण १.६२ या आकड्याने मोजला जातो, पाण्याचा १.३३, हवेचा १ आणि या रेझिनचा साधारण १.५. रेझिनचा आकडा दंतवल्काच्या जवळ असल्यामुळे डाग भोवतालच्या रंगात मिसळतो. ड्रिल लागत नाही, भूल लागत नाही, बहुधा एका बैठकीत काम होते. अल्कोहोल लावल्यावर डाग क्षणभर फिका पडतो की नाही यावरून रेझिन किती काम करील याचा अंदाज येतो, तेव्हा तो पडताळा पाहूनच पुढे जायला डॉक्टरांना सांगा. खोल डाग पूर्ण जात नाहीत, याची मुलीला आधी स्पष्ट कल्पना द्यावी. खर्च दातागणिक आकारला जातो, म्हणून सहा महिन्यांत जेवढे दात आपोआप सुधारतील तेवढा तोही वाचेल.

व्हेनिअर (दात तासून त्यावर चिकटवायची पातळ चकती) किंवा कॅप कुणी सुचवल्यास सतराव्या वर्षी स्पष्ट नकार द्या. तासलेले दंतवल्क पुन्हा येत नाही, आणि व्हेनिअर दर काही वर्षांनी बदलावे लागतात, म्हणजे पुढची साठ वर्षे ते ओझे तिने वाहायचे.

आता धाकट्याविषयी. तारा लावायला घाई नसते, त्या एक-दोन महिने उशिरा लागल्या तर काही बिघडत नाही. डॉक्टरांना सांगा की आधी दात स्वच्छ करून द्या, ब्रश करायला शिकवा आणि थर रंगवून दाखवणारी गोळी देऊन तो किती राहतो ते त्याला आरशात पाहू द्या. बारा वर्षांच्या मुलाला शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते स्वतःच्या दातांवरचा गुलाबी थर पाहून एकदाच पटते. सलग दोन भेटींत हिरड्यांतून रक्त आले नाही तरच तारा लावाव्यात. त्या लावण्यापूर्वी दातांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. तारा लागल्यावर तुकड्याच्या वरून एकदा आणि खालून एकदा, असा ब्रश तिरका धरून फिरवायचा, आणि तारेखालच्या फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश घालायचा. रात्री याला निदान चार-पाच मिनिटे लागतात. पहिले दोन-तीन महिने तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश ब्रशच्या वेळेहून वेगळ्या वेळी, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर, वापरावा. मुलीच्या बाबतीत मी जे वॉर्निश टाळायला सांगितले ते मुलाच्या बाबतीत मात्र दर तीन महिन्यांनी लावून घ्या. डाग पडण्यापूर्वी लावलेले वॉर्निश संरक्षण करते.

खाण्याच्या बाबतीत किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. संक्रांतीचा तिळगूळ जेवणाबरोबर खाल्ला आणि नंतर दात घासले तर त्याचा फारसा त्रास नाही. तोच तिळगूळ दप्तरात ठेवून दिवसभर एकेक तोंडात टाकला तर दात दिवसभर आम्लात राहतात. चिक्की आणि चॉकलेट चिकटून बसतात, शिवाय चिक्कीने तुकडे निसटतात, म्हणून ती तारा असेपर्यंत बंदच. चहा-बिस्किटे दिवसातून एकदा, कोल्ड्रिंक आणि पाकिटातले रस नकोत. मधल्या भुकेला पनीर, उकडलेली शेंग, फुटाणे, काकडी चालेल, आणि डबा खाल्ल्यावर शाळेच्या नळावर चूळ भरायला त्याला आठवणीने सांगा. दर महिन्याच्या भेटीत तार बदलताना दात वाळवून नवा डाग दिसतो का ते पाहायची विनंती करा. डाग दिसू लागले आणि सुधारणा होत नसेल तर तारा काही काळ किंवा कायमच्या काढून टाकणे हाही प्रामाणिक वैद्यकीय निर्णय असतो. किंचित वाकडे पण निरोगी दात मला सरळ पण किडलेल्या दातांपेक्षा नेहमीच बरे वाटतात.

राहिला मुलीवरच्या रागाचा प्रश्न. तारांसह दात स्वच्छ ठेवणे मोठ्यांनाही अवघड जाते. बावीस महिन्यांत दर महिन्याला कुणीतरी डॉक्टर तिचे दात पाहत होते. थर साचतो आहे हे वेळीच सांगणे आणि गरज पडल्यास उपचार थांबवणे ही त्यांचीही जबाबदारी होती. सगळा दोष एका शाळकरी मुलीवर टाकणे योग्य नाही आणि हे तुमच्या तोंडून तिला ऐकायला मिळाले पाहिजे. आज दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, दात थोडे ओले असताना तिच्या दातांचा एक फोटो काढून ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी दुसरा काढा. रोज आरशात पाहून तिला फरक कळणार नाही, पण तिसऱ्या-चौथ्या फोटोत तो बहुधा कळेल. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना ते सगळे फोटो सोबत न्या, म्हणजे कोणत्या दाताला उपचार हवा आणि कोणत्या दाताला नको हे त्यांना ठरवता येईल.